आगुतीची नळी

१

आगुतीनं दारू सोडली त्याला आता दहा महिने होऊन गेले होते. तरीही रोज दुपारी चारच्या सुमाराला ती इक्वापुत काकीच्या आंब्याखाली जायचीच. लोक म्हणत, नाद सुटला पण वाट सुटली नाही. खरं कारण साधं होतं. आगुती हापसे दुरुस्त करायची. पाणी समितीचे चिटणीस ओपोलोत मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या आंब्याखेरीज दुसरीकडे कुठे सापडत नसत, आणि कुठल्या गावचा हापसा बसला, कुठे दांडा तुटला, हे त्यांच्याच तोंडून कळायचं. कोरडे महिने चालू होते. गवत जळून काळं पडलं होतं, हापशांवर दिवसभर रांगा लागत आणि आठवड्याला चार-पाच तरी बिघडत.

आंब्याखाली मधोमध मडकं असायचं. आंबवून भाजलेल्या नाचणीवर काकी गरम पाणी ओतायची की आजोनो तयार. मडक्याभोवती बुटक्या स्टुलांचं कडं, आणि प्रत्येकाच्या हातात पुरुषभर लांबीची आपापली नळी. दुसऱ्याची नळी कुणी तोंडाला लावत नसे. बैठक उठली की काकी सगळ्या नळ्या धुऊन स्वयंपाकाच्या झोपडीच्या वळचणीला खोचून ठेवायची. त्यांत आगुतीची नळी अजून होती. तिच्या नवऱ्यानं, एलुंगातनं, मरायच्या आदल्या वर्षी ती तांब्याच्या तारेनं गुंडाळून दिली होती.

"काढून टाक की ती, काकी," आगुती एकदा म्हणाली होती.

"मेलेल्याची नळी काढतात," काकी म्हणाली होती. "तू मेलीस का?"

आगुती कड्याच्या बाहेर, उपड्या टाकलेल्या उखळावर बसायची. काकी तिला चहा आणून द्यायची, तोही जरा आपटूनच.

"या, चहावाल्या बाई," त्या दिवशी मास्तर म्हणाले. "आज कुणाकुणाची पापं लिहून घ्यायला आलात?"

"मास्तर, मी हापसे बघते. पापं बघायला पाद्री आहे."

"तसं नाही, पोरी. पिणारा माणूस इथं ऐकलेलं इथंच मडक्यात सोडून जातो. न पिणारा ते घरी घेऊन जातो. म्हणून भीती वाटते."

बैलांचा दलाल एत्यांग नळी न सोडता हसला. आगुतीही हसली. हे रोजचंच होतं. पहिल्या महिन्यात तर एत्यांगनं तिच्या चहात बूचभर वारागी, ती कडक गावठी दारू, ओतून पाहिली होती. तिनं वासानंच ओळखून कप मातीत उपडा केला, तेव्हा तिलाच शिष्ट ठरवलं गेलं.

"पण काल मात्र मजा आणलीस हं," मास्तर म्हणाले. "त्या पाद्र्याच्या मोटारसायकलची गोष्ट! एत्यांगच्या नाकातून आली आजोनो."

"काल मी ओकापेलला होते. दिवसभर."

"बरं, बरं. ओकापेलला."

मास्तरांनी डोळा मिचकावला आणि अतोपोइच्या हापशाचं काम सांगितलं. आगुतीनं चहा संपवला, सायकलीला पान्यांची पिशवी अडकवली आणि निघाली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की मास्तरांच्या त्या बोलण्यावर कुणीच हसलं नव्हतं. चेष्टा असती तर कड्यातलं एखादं तरी माणूस हसलं असतं. उलट दोघातिघांनी मान हलवली होती, कालची मजा आठवल्यासारखी.

२

पाद्र्याच्या मोटारसायकलची गोष्ट आगुतीला माहीत होती. एलुंगात ती सांगायचा. गेल्या चार वर्षांत तिनं ती कुणाला सांगितली नव्हती.

तिनं स्वतःची समजूत घातली. एलुंगात आंब्याखालीच बसायचा, त्यानंच सांगितली असेल कधीतरी, आणि म्हातारपणी मास्तरांचे दिवस एकमेकांत मिसळायला लागले असतील. नळीनं पिणाऱ्या माणसाला काल आणि चार वर्षांपूर्वी यात फारसं अंतर नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

चार दिवसांनी ती पुन्हा गेली तेव्हा काकीनं चहाच्या कपाबरोबर तिच्या मांडीवर एक पिवळा रुमाल टाकला.

"विसरून गेलीस काल."

तो तिचाच होता. डोक्याला बांधायचा, कडेला निळी वेलबुट्टी असलेला. आठवडाभर सापडत नव्हता. तिनं तो नाकाशी नेला. आंबलेल्या नाचणीचा वास आला, आणि तिच्या जिभेखाली पाणी सुटलं. तिनं हात खाली घेतला.

"काकी, काल मी आले नव्हते."

काकी तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. ताप आलेल्या पोराकडे बघावं तशी.

"तुला ज्यात सोपं वाटेल ते म्हण, बाई. मी तुझ्या नणंदेला सांगायला जात नाही."

आगुतीची नजर आपोआप वळचणीकडे गेली. त्या दिवशी मडकं अजून लागायचं होतं. नळ्या कालच्या धुतलेल्या, उन्हात सुकून पांढुरक्या पडलेल्या. तांब्याच्या तारेची नळीही त्यांच्यातच होती, त्यांच्यासारखीच पांढुरकी. आगुती जवळ गेली. पाइप, नळ्या, वॉशर हे तिचं रोजचं काम. वळचणीला दहा महिने पडून राहिलेली नळी कशी दिसते हे तिला सांगावं लागत नव्हतं. तडे जातात, तोंडाशी कुंभारमाशी घर करते, खाली चोथा गाळायच्या जाळीत कोळी राहतो. तिनं जाळी बोटानं दाबली. आतून ओला चोथा बाहेर आला.

३

तिला दारू सोडायला ज्या नर्सबाईंनी मदत केली होती त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायच्या. आगुतीनं त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की माणूस प्यायला आणि त्याला ते आठवलंच नाही, असं होतं का?

"तुला ते ठाऊकच आहे," नर्सबाई म्हणाल्या.

ठाऊक होतं. पूर्वी आख्खे दिवस गेले होते तिचे. तिच्या लेकीला, अमोदिंगला, ताप चढला तेव्हाचे तीन दिवस आजही तिच्याजवळ नव्हते. ते नणंदेजवळ होते. आपेदुनताईनं पोरीला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं आणि तिथून थेट आपल्या घरी. जाताना फक्त एवढं म्हणाली, "एक वर्ष. एक थेंबही नाही. मग बघू." ईस्टरच्या आदल्या शनिवारची गोष्ट.

"पण न पिता?" आगुतीनं विचारलं. "कोरड्या माणसाचा दिवस जातो का असा?"

नर्सबाईंनी तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, हात पुढे धरायला लावला. हात कापत नव्हता.

"वही ठेव," त्या म्हणाल्या. "कुठे होतीस, किती वाजता, कुणाबरोबर. आणि त्या माणसाची सही घे. मनाचा भरवसा नसला की कागदाचा धरावा."

आगुतीनं वही ठेवली. अतोपोइ, सकाळी नऊ ते बारा, सही. ओकापेल, दोन ते साडेपाच, समितीच्या बाईचा अंगठा. लोक हसायचे, म्हणायचे, आमच्या पाण्याला साक्षीदार कशाला? ती सही घेऊनच निघायची. रात्री कंदिलाशी वही उघडून बघायची. पान भरलेलं असलं की झोप लागायची.

पंधरा दिवसांत तिला पाच जण भेटले ज्यांनी तिला त्या पंधरा दिवसांत आंब्याखाली पाहिलं होतं. पाचही वेळा वहीत सही होती.

४

महिन्यातून एका शनिवारी अमोदिंग आईला भेटायला यायची. बारा वर्षांची पोर, बापासारखी उंच निघालेली. बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून उतरली की पहिल्यांदा ती आईच्या गळ्यात पडायची आणि पडता पडता तिच्या तोंडाचा वास घ्यायची. लपवूनछपवून नाही. दार उघडताना कडी काढावी तसं. मग सैल व्हायची.

त्या शनिवारी तिनं वास घेतला, आणि सैल झाली नाही.

"काय गं?"

"काही नाही."

आगुतीनं चवळीचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवला होता, पोरीच्या आवडीचा. अमोदिंग जेवली. भांडी घासली. मग उंबऱ्यात बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली,

"तू इतक्या लवकर घरी कशी पोचलीस?"

"मी सकाळपासून घरातच आहे."

"आई, मला खोटं सांगू नकोस. पी, पण खोटं सांगू नकोस." पोरीचा आवाज चिरकला. "मी येताना पाहिलं तुला. आंब्याखाली बसली होतीस. मी हाक मारली. तू हात केलास."

चुलीवर पाणी उकळत होतं. आगुतीनं ते उतरवलं. घाई न करता, नीट.

"माझ्या तोंडाला वास आला?"

"नाही."

"आंब्यापासून इथवर चालत किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं."

"आणि तू मोटारसायकलवर आलीस."

अमोदिंगनं आईकडे पाहिलं. ती हुशार होती. हिशेब तिनं केव्हाच केला होता आणि तो जुळत नव्हता म्हणूनच तिला रडू येत होतं.

"मग ती कोण होती?"

"तिचं तोंड पाहिलंस?"

"तिनं हात केला," पोर म्हणाली. मग म्हणाली, "तोंड नाही पाहिलं. पण ओळखलं ना मी. आईला ओळखायला तोंड कशाला बघावं लागतं?"

५

सोमवारी सकाळी, आंब्याखाली चिटपाखरू नसताना, आगुती लोखंड कापायची करवत घेऊन गेली. काकी मागच्या अंगणात पत्र्यावर नाचणी भाजत होती. आगुतीनं वळचणीतून तारेची नळी ओढली, गुडघ्यावर धरली आणि तिचे तीन तुकडे केले. एलुंगातची आठवण म्हणून तार तेवढी सोडवून घ्यावी असं मनात आलं होतं. घेतली नाही. तुकडे काकीच्या पत्र्याखालच्या जाळात टाकले. तार निळी-हिरवी जळली.

काकी भाजणं हलवत राहिली.

"झालं समाधान?"

"काकी, खरं सांग. इथं कोण येतं?"

"तू येतेस."

"ही मी. ही बघ. मी येते आणि उखळावर बसते आणि चहा पिते. दुसरी कोण येते?"

काकीनं उलथणं खाली ठेवलं. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते.

"आगुती, मी तीस वर्षं मडकं लावते. माणसं पिताना बघितली, सोडताना बघितली. सोडलेलं माणूस परत येऊन कडेला बसतं ना, तेव्हा सगळ्यांच्या घशाशी येतं. तुझ्या डोळ्यांत त्यांना आपलं तोंड दिसतं. तुला वाटतं ते तुला हसतात. ते घाबरतात." ती थांबली. "ती येते ती तशी नाही. येते, आपल्या जागी बसते, कुणाच्या दुःखाला मान हलवते, दोन गोष्टी सांगते, पिते, जाते. एलुंगात गेला त्याआधी तू होतीस तशी. आम्हाला ती बरी वाटते. तुला राग येऊ दे. मला ही चहावाली नको."

"ती जाते कुठे, काकी? बैठक उठल्यावर?"

काकीनं पुन्हा उलथणं उचललं. तो प्रश्न तिच्या मनात आजवर आलाच नसावा.

"घरी जात असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आगुतीनं आंबा टाकला. मास्तरांना निरोप धाडला की कामं चिठ्ठीवर लिहून दुकानात ठेवा. चिठ्ठ्या येत राहिल्या. आठ दिवस गेले, बारा गेले. वहीची पानं भरत होती आणि आता कुणी म्हणत नव्हतं की काल तुला पाहिलं. तिला वाटलं, नळी जळाली तसं तेही जळालं.

तेराव्या दिवशी चिठ्ठीच्या पाठीवर मास्तरांचं गोल, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर होतं: 'नवी नळी छान आहे. तार जुन्यासारखीच गुंडाळलीस, हात अजून चांगला आहे. पण पोरी, तू रोज समोर बसतेस, मग चिठ्ठ्या कशाला लिहायला लावतेस?'

६

ईस्टरच्या आदल्या शनिवारी वर्ष पुरं झालं.

आगुती पहाटे उठली. घर सारवलं. अमोदिंगच्या खाटेवर नवी चादर घातली. पिवळा रुमाल धुऊन पेटीत ठेवला होता तो काढावा असं मनात आलं, पण हात पेटीपर्यंत गेला नाही. तिनं पांढरा बांधला. वही पिशवीत घातली, नणंदेनं काही विचारलं तर दाखवायला, आणि दुपारी सायकलनं निघाली. आपेदुनताईचं घर तासाभरावर होतं. ऊन असं होतं की सडक दूरवर पाण्यासारखी चमकत होती.

ताई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आगुतीला बघून तिनं मान वर केली आणि हसली. गेल्या वर्षभरात ती आगुतीकडे बघून हसली नव्हती.

"काय विसरलं?"

आगुती सायकलवरून उतरली.

"अमोदिंग तयार आहे ना, ताई?"

"अगं, असं काय करतेस?" ताई अजून हसतच होती. "तासही नाही झाला तिला घेऊन गेलीस त्याला. पोर कुठाय? पुढे धाडलीस का?"

आगुतीनं सायकलीचा दांडा घट्ट धरला.

"मी आत्ता येतेय, ताई. घरून."

"आगुती..." ताईचं हसू हळूहळू गेलं. तिनं सुपाकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "तू चालत आलीस. मी म्हटलं सायकल कुठाय, तर म्हणालीस पंक्चर झाली. इथं बसलीस. पाणी प्यालीस. मला म्हणालीस, ताई, तुमचे उपकार आहेत. मला इतकं बरं वाटलं बाई, म्हटलं माझी जुनी वहिनी परत आली. मी... मी तर तुझ्या तोंडाचा वाससुद्धा नाही घेतला. लाज वाटली मला."

"डोक्याला काय बांधलं होतं मी?"

ताईनं तिच्या पांढऱ्या रुमालाकडे पाहिलं. शेंगा तिच्या हातातून सुपात पडल्या.

"पिवळं," ती म्हणाली.

ताईनं सांगितलं, त्या दोघी पाणथळीतून, पायवाटेनं गेल्या होत्या. सडकेनं सायकल लवकर पोचते. आगुतीनं तो तास कसा काढला ते तिला पुढे कधी आठवलं नाही. पण हा विसर वेगळा होता, याला दारूची चव नव्हती. चेन एकदा उतरली, ती तिनं उघड्या हातांनी बसवली, हे बोटांच्या काळ्या रंगावरून नंतर कळलं.

आंब्याखाली बैठक भरली होती. चार वाजले असतील. आगुतीनं सायकल सडकेलाच टाकली आणि चालत गेली. पळाली नाही. पळालं तर काहीतरी दचकेल असं तिला वाटलं.

सगळं रोजच्यासारखं होतं. मडक्यातून वाफ येत होती. मास्तर पलीकडच्या बाजूला, तोंड तिच्याकडे करून. एत्यांग त्यांच्या शेजारी, डोळे मिटून, नळी तोंडात. काकी किटली घेऊन उभी. आणि अलीकडच्या बाजूला, तिच्याकडे पाठ करून, पिवळा रुमाल बांधलेली एक बाई. तिच्या शेजारी चटईवर, तिच्या मांडीला टेकून अमोदिंग. कपड्यांचं गाठोडं पोरीच्या पायाशी होतं.

बाईचा उजवा हात नळीवर होता. अंगठ्याशेजारच्या बोटाला नख नव्हतं. पाइप निसटून आगुतीचं जे बोट चेचलं गेलं होतं, तेच. त्या हाताच्या वर तांब्याची तार उन्हात लखलखत होती.

मास्तरांनी मान वर केली. आगुतीला त्यांनी चांगलं न्याहाळलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"कोण हवंय, बाई?" त्यांनी विचारलं. आदबीनं. वाट चुकलेल्या परक्या बाईला विचारावं तसं.

"मास्तर..." ती म्हणाली.

"तहान लागली असेल तिला," काकी म्हणाली. "लांबून आलेली दिसतेय. पाणी देऊ का गं तुला?"

बारा पावलं चालून कड्याच्या पलीकडे गेलं की त्या बाईचं तोंड दिसलं असतं. बारा पावलं. तिचे पाय निघाले, आणि थांबले. तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख उभी राहिली. ते तोंड आपलं असलं तर आपण परतून येणार नाही, आणि नसलं तरी येणार नाही. म्हणून ती जिथं होती तिथंच उभी राहिली आणि पोरीकडे बघून म्हणाली,

"अमोदिंग. चल, घरी जाऊ."

बाईची पाठ हलली नाही. नळीतून आजोनो वर चढल्याचा बारीक आवाज येत राहिला. वाहतं पाणी असो की नळीतलं, आपोआप वर चढत नाही, कुणीतरी ओढावं लागतं. तो आवाज आगुतीनं झोपेतही ओळखला असता.

अमोदिंगनं वळून पाहिलं. पांढऱ्या रुमालातल्या आईकडे. मग मान वर करून शेजारी, पिवळ्या रुमालाकडे. मग पुन्हा इकडे. पोरीचा चेहरा कोरा झाला होता.

बाई वाकली. तिनं तोंड पोरीच्या कानाशी नेलं. आगुतीला दिसला तो फक्त रुमालाचा कडेचा निळा वेल, आणि त्याखाली गालाचा एक तुकडा, आणि तो गाल हसताना फुगतो तसा फुगला.

अमोदिंग उठली. तिनं झगा झटकला, गाठोडं उचललं आणि कड्यातून बाहेर आली. आगुतीजवळ येऊन तिनं तिचा हात धरला. पोरीचा तळवा थंड होता.

"सावकाश जा हो," मास्तर मागून म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

७

आगुतीनं घरी आल्याबरोबर पेटी उघडली. पिवळा रुमाल नव्हता. तिनं पेटी बंद केली.

भिंतीवर अजून ऊन होतं. तिनं चूल पेटवली, आधण ठेवलं आणि नाचणीचं पीठ वैरून आताप घाटायला घेतला. हाताला काम हवं होतं. अमोदिंगनं गाठोडं सोडलं. शाळेचे कपडे एका खिळ्याला, रविवारचा झगा दुसऱ्या खिळ्याला. नव्या चादरीवरून तिनं एकदा हात फिरवला. मग चुलीशी येऊन बसली.

"हात दाखव," ती म्हणाली.

आगुतीनं हात पुढे केला. पोरीनं तिचं बिननखाचं बोट धरून पाहिलं, चेनच्या तेलानं काळी झालेली बाकीची बोटं पाहिली, आणि हात सोडून दिला.

"पोरी," आगुतीनं अखेर विचारलं, "तुला कसं कळलं गं, मी कोणती ते?"

"नाही कळलं."

घाटणं चालूच होतं. पीठ घट्ट होत आलं होतं आणि घाटायच्या लाकडी पळीला जोर लागत होता.

"मग आलीस कशी माझ्याबरोबर?"

"तिनंच सांगितलं."

"काय सांगितलं?"

अमोदिंग जाळाकडे बघत होती. तिनं ते शब्द जसेच्या तसे सांगितले, शाळेतला निरोप सांगावा तसे.

"म्हणाली, तू हिच्याबरोबर पुढे हो. एवढं संपवून मी आलेच."

आगुतीचा हात थांबला. तिनं उठून दाराची कडी लावली, तिच्यात लाकडाचा दांडा अडकवला, आणि परत येऊन बसली. आताप खाली लागल्याचा वास यायला लागला होता.

"मडक्यात किती उरलं होतं?" तिनं विचारलं.

"फार नाही," अमोदिंग म्हणाली. "संपतच आलं होतं."